घोडी विकून घेतलेले दात

तोकमोक, १० मार्च २०२४

ति. सोनुनबुबू एजे यांस,
धाकट्या बहिणीचा, केन्जेचा सलाम वि. वि.

पत्र लिहायची सवय मोडून आपल्याला पंधरा वर्षं झाली, त्यामुळे अक्षर लागलं नाही तर चष्मा पूस आणि पुन्हा बघ. पत्र लिहायची वेळ तूच आणलीस. गेले पाच रविवार मी फोन लावते आणि पाचही रविवार तुझी सून नुरजात उचलते. पहिल्या रविवारी तू गोठ्यात होतीस. दुसऱ्या रविवारी झोपली होतीस. तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी मयतीला गेली होतीस. तुमच्या आत-बाशीत एवढी माणसं जात असतील तर सरकारला पेन्शन वाढवायला काय हरकत आहे, हे मला कळत नाही. पाचव्या रविवारी ती बिचारी चाचरत म्हणाली की आई कामात आहेत. सामूहिक शेतीच्या गोठ्यात तीस वर्षं गाई पिळून निवृत्त झालेली, सत्तरी ओलांडलेली बाई कसल्या कामात असते, ते मलाही शिकव. शाळेचं ग्रंथालय सोडल्यापासून मी रिकामीच आहे.

माझ्यावर रुसली असशील तर कशावरून ते कळव, म्हणजे मलाही थोडं रुसता येईल. आजारी असशील तर मात्र लपवू नकोस. मला खरंच काळजी लागली आहे.

पत्र शाइलोबेकच्या टॅक्सीतून पाठवते आहे. तो पाकिटं फोडून वाचतो असं सगळं नारिन शहर म्हणतं. शाइलोबेक, वाचून झालं असेल तर डिंक नीट लाव.

आहे तेवढा लोभ राहू दे, वाढवायची सक्ती नाही.
तुझी केन्जे

आत-बाशी, १९ मार्च

चि. केन्जेस अ. उ. आ. वि. वि.

रुसायला मला फुरसत नाही. फोन घेत नाही त्याचं कारण लिहिते. तू हसणार हे ठाऊक आहे, तेव्हा आधी दार लावून घे.

फेब्रुवारीत तुझ्या भाच्याने, मेलिसने, बाजारातून कुरुत आणलं. सुकवलेल्या दह्याचे गोळे कसले, नदीतले गोटेच. एक गोळा चावला आणि वरचे समोरचे चारही सोन्याचे दात हातात आले. एकमेकांना जोडलेलेच होते, जाताना एकमेकांना सोडून गेले नाहीत. त्यांच्याखाली माझे मूळचे दात सत्तेचाळीस वर्षं काय करत होते तेही तेव्हाच कळलं. कुजत होते. आता तिथे खुंट आहेत आणि बाकीचेही हलायला लागले आहेत.

स म्हटलं की शीळ वाजते. परवा मेलिसला हाक मारली तर कुत्रा उठून आला. ही शीळ तू फोनवर ऐकावीस आणि मग मरेपर्यंत माझी नक्कल करत बसावीस, हे मला नको होतं. नुरजात माझं जेवण मिक्सरमधून काढते. मटण, शेवया, कांदा, सगळं एकत्र. पोर मनाने चांगली आहे, पण ते ताटात करड्या रंगाचं दिसतं.

हेही मी गिळलं असतं. पण बेगिमायचं लग्न १२ ऑक्टोबरला ठरलं आहे. माझी एकुलती नात, आणि विहीण नारिनची, कॉलेजात शिकवणारी, बारीक नजरेची. मांडवात थोरल्या बाईच्या मानाचं हाड माझ्या पुढ्यात येणार. मी ते शेजारणीकडे सरकवलं तर बेगिमाय त्या घरात जन्मभर ऐकत राहील की आम्ही मान दिला आणि तुझ्या आजीने तो ताटात टाकला. शिवाय आशीर्वादही मीच द्यायचा. शीळ घालून आशीर्वाद कसा देऊ? तो विचार आला की मला रडू येतं, खोटं कशाला लिहू.

बाजारातल्या दातवाल्याने वरच्या पूर्ण कवळीचे चाळीस हजार सोम सांगितले. पेन्शन साडेआठ हजार. म्हणजे पाच महिने मी काही खाल्लं नाही तर मला खायला दात मिळतील. सरकारी दवाखान्यात कवळी फुकट आहे, पण सत्तर पूर्ण झालेल्यांनाच. सरकारच्या मते माणूस एकोणसत्तरीपर्यंत कुरुत फोडतो आणि सत्तराव्या वाढदिवसाला त्याची बत्तिशी गळून पडते. आणि माझ्या पासपोर्टावर वय काय आहे ते तुला माहीतच आहे.

तुझ्या गुडघ्याला लोकर बांधत जा. माया आहेच, लिहून कशाला दाखवू.
सोनुनबुबू

तोकमोक, २७ मार्च

ति. एजेस सलाम वि. वि.

हसले. दोनदा वाचलं आणि दोनदा हसले. मग तुझं ते आशीर्वादाचं वाचलं आणि हसू थांबलं.

वयाचं मला चांगलं आठवतं. चोविसाव्या वर्षी तू घरात बसलेली होतीस. बाबा ग्रामपंचायतीच्या कारकुनाकडे मेंढीची एक तंगडी घेऊन गेले आणि त्रेपन्न सालच्या एप्रिलात जन्मलेली तू पंचावन्न सालच्या एक मे रोजी जन्मलीस. तेवढ्याने भागलं नाही म्हणून भुरी घोडी विकली आणि तुझे चार धडधाकट दात कानशीने घासून त्यांवर सोनं चढवलं. गावभर बातमी, की सोनुनबुबू हसली की दिवा लावावा लागत नाही. महिन्याभरात मागणी आली. मी दाराच्या फटीतून बघत होते आणि आतून जळत होते. माझी पाळी आली तेव्हा बाबा म्हणाले, पोरी, आता घोडी उरली नाही, तू आपली तोंड मिटून हस. मी अजून तशीच हसते. माझ्या लग्नाच्या फोटोत मला कुणीतरी चिमटा काढल्यासारखं वाटतं.

मात्र मागच्या वर्षी सरकारी दवाखान्यात फुकट तपासणी होती, तिथल्या कार्डावर माझे अठ्ठावीस दात लिहिले आहेत, एकही न किडलेला. तेव्हा देव आहे.

आता कामाचं. चार दातांचं जुनं सोनं म्हणजे थोडं नव्हे. ते विक आणि कवळी घे. कुठे ठेवलं आहेस? साखरेच्या डब्यातच असणार. दाखवायचे दात गेले, आता खायचे दात बघ.

तुझ्या लोभाची आणि थोडी सोन्याचीही अभिलाषा धरणारी,
केन्जे

आत-बाशी, १५ एप्रिल

चि. केन्जेस अ. उ. आ. वि. वि.

सोनं विकणार नाही. घोडी विकून दात घेतले, आता दात विकून दात घेऊ? ते विकायचा मला हक्क नाही. का नाही ते विचारू नकोस, विचारलंस तरी सांगणार नाही. आणि ते साखरेच्या डब्यात नाही, मिठाच्या डब्यात आहे.

मी दुसरा उपाय करून पाहिला. नारिनला कचेरीत गेले आणि खरं ते सांगितलं, की मी एकाहत्तर वर्षांची आहे. तिथला तरुण साहेब म्हणाला की पासपोर्टाप्रमाणे आजी, तुम्ही अडुसष्ट. मी म्हटलं, बारा जनावरांच्या बारा वर्षांत माझं वर्ष सापाचं, कुणालाही विचार. त्याने यंत्रात बघितलं आणि म्हणाला की एक मे पंचावन्न म्हणजे मेंढीचं वर्ष, तुम्ही मेंढी आहात. मी म्हटलं, माझ्या सुनेला विचार मी मेंढी आहे का. तो हसला, पण कागद हलला नाही. साक्षीदार आणा म्हणाला. ज्यांनी माझा जन्म पाहिला ते सगळे कबरस्तानात आहेत, आणि तिथली माणसं कचेरीच्या वेळात येत नाहीत. मग कोर्टात जा म्हणाला, दीड वर्षात निकाल लागेल. तोवर पुढच्या मे महिन्यात मी कागदोपत्रीही सत्तरीची होईन आणि बेगिमायच्या लग्नाला सात महिने उलटलेले असतील.

बाबांनी मला तरुण केलं आणि सोन्याने मढवलं. दोन्ही माझ्या भल्यासाठीच होतं, आणि दोन्ही आता अंगाशी आलं आहे. तरी त्यांच्यावर राग येत नाही. त्यांनी त्यांना कळलं तेवढं केलं.

मेलिस म्हणतो मॉस्कोला जाऊन चार महिने विटा उचलतो. त्याची पाठ आधीच वाकली आहे. मी त्याला दम दिला की माझ्या दातांसाठी तू पाठ मोडलीस तर तुलाच चावेन. कशाने, ते त्याने विचारलं नाही.

सोनुनबुबू

तोकमोक, २ मे

चि. सोनुनबुबूस अ. उ. आ. वि. वि.

मायना बघून दचकू नकोस. रात्रभर विचार केला तेव्हा लक्षात आलं की सरकारदरबारी मी चोपन्नची आणि तू पंचावन्नची. म्हणजे कागदावर मी तुझी एजे, थोरली बहीण. इतकी वर्षं मी तुला चहा ओतून देते आहे, तो कायद्याने तू मला ओतायला हवा होतास. काल तुझा कागदी वाढदिवस झाला, त्याचेही आशीर्वाद घे.

आता नीट ऐक, आणि शाइलोबेक, तू कान बंद कर. २० जूनला मला सत्तर पूर्ण होतात. फुकट कवळीच्या यादीत माझं नाव आत्ताच घालून आले. माझ्या तोंडात अठ्ठावीस दात, आणि सरकार मला आणखी द्यायला तयार. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात, तशातली गत. यादी लांब आहे पण भराभर पुढे सरकते. निम्मी नावं दात मिळायच्या आत वर जातात, आणि तिथे कवळी लागत नसावी.

तर जुलैत तू माझ्याकडे राहायला ये. माझा पासपोर्ट घे, माझा निळा रुमाल डोक्याला बांध आणि खुर्चीत बस. पासपोर्टाच्या फोटोत मी तोंड मिटलेलं आहे, बाबांच्या सांगण्यानुसार. नाक आपलं दोघींचं एकच. गुन्हा आहे का, असा प्रश्न तुला पडेल. तुझी दोन वर्षं सरकारकडे पडून आहेत, त्यांतलं थोडं आपण परत घेतो आहोत, असं समज.

नाही म्हणू नकोस. थोरल्या बहिणीची आज्ञा आहे.
तुझी (कागदोपत्री) एजे, केन्जे

आत-बाशी, ४ ऑगस्ट

ति. केन्जे एजेस सलाम वि. वि.

एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही. कागद काहीही म्हणोत, मला चहा तूच ओतायचा.

सुखरूप पोचले. कवळी तोंडात आहे. स म्हटलं की नुसता स निघतो, आणि कुत्रा बुचकळ्यात पडला आहे. नुरजातने मिक्सर धुऊन माळ्यावर टाकला. काल मी काकडी खाल्ली. तिचा करकर आवाज ऐकून मला भरून आलं. काकडीसाठी कुणी रडतं का, पण मी रडले.

तुझ्या घरी वीस दिवस होते तरी दवाखान्यात आत काय झालं ते तुला पुरतं सांगितलं नाही, कारण मला तुझा राग आला होता. आता सांगते. ती पोरगेली डॉक्टरीण तुझं कार्ड वाचत होती. वाचलं, माझं तोंड उघडून पाहिलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाली की आजी, गेल्या वर्षी इथे अठ्ठावीस दात लिहिले आहेत, एका वर्षात गेले कुठे. मी म्हटलं, बाळ, वर्षभर पेन्शनवर राहून बघ आणि मग मला विचार. तिने पासपोर्ट उचलला, माझ्याकडे पाहिलं, उठून दाराशी गेली आणि बाहेर डोकावली. आणि बाहेर बाकावर तू काय करत होतीस? माझंच नाक घेऊन, त्या अठ्ठावीस दातांनी, सफरचंद खात होतीस. सफरचंद खायची ती जागा होती का?

ती परत आली, हात धुतले आणि म्हणाली की तिची स्वतःची आजी तलासला चार वर्षं यादीत आहे आणि पाव चहात बुडवून खाते. मग मला तोंड मोठं उघडायला सांगितलं आणि खुंट आणि वरचे हलणारे दात एकेक करून काढले. जाताना कार्डावर लिहिलं की वरच्या जबड्यात एकही दात नाही. तिच्या हाताला यश येवो. तिच्यासाठी मी रोज दुआ करते.

आता फोन घेईन. पण पत्रंही लिही. फोनवर तू मला मध्येच तोडतेस.

लग्नाला आठवडाभर आधी ये. तुझ्याशिवाय मांडव मला खायला उठेल.
सोनुनबुबू

तोकमोक, २५ ऑक्टोबर

ति. एजेस सलाम वि. वि.

अजून लग्न डोळ्यांसमोरून हलत नाही. ते हाड तू असं साफ केलंस की दाराशी बसलेली कुत्री तुझ्याकडे तिरस्काराने बघत होती. तुझ्या विहीणबाई आधी मोजून मापून हसत होत्या, मग स्वतःच्या ताटातला तुकडा तुला वाढायला लागल्या. आणि आशीर्वाद दिलास तेव्हा तंबूच्या मागच्या ओळीपर्यंत शब्द न् शब्द ऐकू आला. बेगिमाय रडली. मीही रडले, पण तोंड मिटून.

एक गंमत कळवायची आहे. त्याच पंगतीत मी जोशात एक हाड फोडायला गेले आणि वरचा डावीकडचा दात, समोरून चौथा, चिरला. चार दिवस लवंग धरून काढले, मग दवाखान्यात गेले. सत्तरीवाल्यांना उपचार फुकट. खिडकीतल्या बाईने माझं कार्ड काढलं आणि म्हणाली की तुमच्या वरच्या जबड्यात दातच नाहीत, जुलैत कवळी दिली आहे, दुखतं ते काय. मी तोंड उघडून दाखवलं. ती म्हणाली की तोंडाचं मला दाखवू नका, मी कार्ड बघते.

शेवटी तुझ्या त्या डॉक्टरिणीकडे गेले. मला पाहताच ओळखलं, आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग गंभीर झाली. म्हणाली की आजी, हा दात मी नीट केला तर तो उगवला असं लिहावं लागेल. सत्तरीत दात उगवला म्हटल्यावर आधी तपासनीस येतील, मग वर्तमानपत्रवाले, मग नवस बोलायला बायका. तिची नोकरी जाईल, तेव्हा मी उठून आले. बाहेर नस काढून वर टोपी बसवायचे माझ्या तीन महिन्यांच्या पेन्शनीएवढे पैसे सांगतात. दात कोरून पोट भरत नाही हे ठाऊक होतं, आता पोट मारून दातही भरत नाही.

तेव्हा दात दुखतो आहे. रात्री कानापर्यंत कळ जाते. कागदावर मात्र माझ्यासारखं सुखी कुणी नाही. तू काही पाठवायचं नाहीस, मनालाही लावून घ्यायचं नाहीस. हसावंस म्हणून लिहिलं.

तुझी बिनदाताची केन्जे

आत-बाशी, ३ नोव्हेंबर

चि. केन्जेस अ. उ. आ. वि. वि.

मी हसले नाही.

या पत्राबरोबर कुरुताची पिशवी आहे. मी स्वतः वळलेलं आहे. त्यातला सगळ्यात मोठा गोळा चावू नकोस, वरवंट्याने फोड. शाइलोबेक, तू हे वाचतो आहेस हे मला माहीत आहे. तुझ्या गाडीत काय आहे ते मी तुझ्या आईला सांगून ठेवलं आहे.

एप्रिलात लिहिलं होतं की सोनं विकायचा मला हक्क नाही. आता कारण सांगते. तू जन्मलीस ते वर्ष घोड्याचं. बाबांनी त्या वर्षीच्या एका शिंगराच्या कानाला खूण केली आणि ते तुझ्या नावाने सोडलं. भुरी त्याच वंशातली. ती घोडी बाबांची नव्हती, केन्जे. तुझी होती. तुझ्या लग्नात तुझ्याबरोबर जायची होती. विकायच्या दिवशी आई म्हणाली, धाकटीला विचारा. बाबा म्हणाले, धाकटीचे दात चांगले आहेत, तिचं जमून जाईल. मी तिथेच उभी होते. मला चोविसावं लागलं होतं आणि मला लग्न करायचं होतं. मी काही बोलले नाही.

मग सत्तेचाळीस वर्षं तू थट्टा करत राहिलीस आणि मी ऐकत राहिले. सांगायचं राहून गेलं असं म्हणणार नाही. मी सांगितलं नाही, कारण तोंडात तुझी घोडी होती आणि ती मला शोभत होती. जुलैत तू मला तुझं नाव दिलंस, तुझं कार्ड दिलंस, तेव्हा तुझ्या दिवाणावर पडल्या पडल्या रोज ठरवायची की उद्या सांगते. तेही जमलं नाही.

आता तुझं तुला परत. विक, वितळव, नदीत टाक. पण तो दात दुखू देऊ नकोस.

लोभ मागायला तोंड नाही.
सोनुनबुबू

तोकमोक, २४ नोव्हेंबर

ति. एजेस सलाम वि. वि.

दोन दिवस मी तुझ्यावर खूप रागावले. भांडी आपटली. बाबांच्या फोटोचं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिसऱ्या दिवशी दाताने अशी कळ काढली की राग परवडेना. एका पेन्शनीत दोन दुखणी पोसता येत नाहीत. फोटो पुन्हा सरळ केला.

बाजारात एक म्हातारा दातवाला अजून सोन्याचं काम करतो. त्याला चार दात दाखवले. तो म्हणाला की हल्ली लोक हे काढायला येतात, घालायला कुणी येत नाही, सुना-नातवंडांना लाज वाटते, तुम्हाला पांढरी टोपी बसवून देतो. मी म्हटलं, मला लाज वाटायला सत्तेचाळीस वर्षं उशीर झाला आहे, तू सोन्याचीच बसव. नस काढली, टोपी ओतली. मजुरीत बाकीचं सोनं गेलं. घोडीचं एवढंच उरलं आहे, डावीकडे, समोरून चौथं.

नुसतं बोलताना दिसत नाही. त्यासाठी हसावं लागतं. काल मिनीबसमध्ये मी कारण नसताना तीन माणसांकडे बघून हसले. त्यांतल्या एकाने उठून मला जागा दिली.

रविवारी फोन कर. चेहरा दिसतो तो फोन, नुरजातला लावायला सांग. तू आशीर्वादाला उघडलंस तसं तोंड उघड आणि माझ्याकडे नीट बघ. मी तोंड मिटणार नाही.

तुझी धाकटी,
केन्जे